पांढरे केस लपवणं सोडलं आणि बलायाज केलं, त्याचा सगळा अनुभव

मला तिशी ओलांडल्यापासूनच पांढरे केस आहेत, भांगात आणि दोन्ही कानशिलांवर भरपूर, मागे मात्र अगदी तुरळक. आईचंही असंच होतं. इतकी वर्षं घरीच काळा डाय लावत आले, रविवारी सकाळी जुना गाऊन, प्लॅस्टिकची वाटी, ब्रश, कपाळाला आणि कानांना व्हॅसलीन. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत जेमतेम पाऊण-एक सेंटीमीटर पांढरं वर येतं, पण शेजारी कुळकुळीत काळा डाय असला की तेवढंही लांबून दिसतं. मला पांढऱ्या केसांचा त्रास नव्हताच, त्या रेघेचा होता, दर तीन आठवड्यांनी उगवणारी ती सरळ रेघ आणि ती झाकायला पुन्हा तोच डाय.

हे सविस्तर लिहितेय कारण बलायाज म्हटलं की आपल्याकडे सोनेरी केसांच्या गोऱ्या मुलींचे फोटो डोळ्यासमोर येतात, आणि आपल्यासारख्या काळ्याभोर, जाड, वर्षानुवर्षं डाय केलेल्या केसांवर ते कसं करतात, किती वेळ लागतो, मधे काय काय होतं हे कोणी नीट सांगत नाही. मी खूप शोधलं होतं, मला मराठीत काहीच धड सापडलं नाही. आणि माझं मत आता पक्कं झालंय, की आपल्या केसांवर नॅचरल दिसायचं असेल तर किती फिकट केलं यापेक्षा कुठे केलं आणि कुठे थांबलं यालाच जास्त महत्त्व आहे.

आधी थोडं ते नेमकं काय असतं ते सांगते. पूर्वी हायलाइट्स करायला डोक्यावर भोकं असलेली रबरी टोपी घालायचे आणि क्रोशाच्या सुईसारख्या हुकने त्या भोकांतून केस ओढून काढून त्यांना ब्लीच लावायचे. मग फॉइल आले, त्यात बारीक बटा विणून घेऊन अगदी मुळापासून ब्लीच लावून गुंडाळतात. दोन्हींत रंग मुळापासून सुरू होतो, त्यामुळे केस वाढले की रेघ दिसते. बलायाजमधे स्टायलिस्ट हातात ब्रश घेऊन केसांच्या वरच्या पृष्ठभागावर थेट रंगवत जाते, मुळाशी अगदी हलका हात, खाली येताना जास्त भरगच्च, टोकं पूर्ण भिजलेली. १९७० च्या दशकात पॅरिसच्या सलॉन्समधे हे सुरू झालं. उन्हात राहून केस जसे आपोआप वरवर आणि टोकांना फिकट होतात तसं दिसणं हा हेतू. सुरुवातच धूसर असल्यामुळे केस वाढले तरी रेघ पडत नाही, आणि मला नेमकं हेच हवं होतं. पांढरे केस आणि काळे केस यांच्या मधल्या छटा डोक्यात असतील तर पांढरे वेगळे उठून दिसत नाहीत, त्यातलेच एक होऊन जातात.

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या घराजवळच्या एका पार्लरमधे आधी विचारून आले होते. तिथल्या बाईंनी केसांना हातही न लावता सांगितलं, एका सिटिंगमधे करून देऊ, हा फोटो बघा असंच होईल. फोटोतले केस जवळजवळ राखाडी-सोनेरी होते. माझ्या केसांवर काय काय लावलंय हे एकदाही विचारलं नाही. मी तिथून निघाले. मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने नौपाड्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीतलं एक छोटं सलॉन सुचवलं, तीनच खुर्च्या, चालवणारी मुलगी तिशीची असेल, मराठी, स्वतःचे केस मस्त कुरळे. तिथे पहिल्या भेटीत रंगाचा विषय अर्ध्या तासाने निघाला, त्याआधी नुसते प्रश्न.

"ताई, डाय किती वर्षं लावताय? पूर्ण केसांना लावता का फक्त वर? मेहंदी कधी लावली होती? नुसती पानांची का ती काळी मेहंदी म्हणतात ती पावडर? स्मूदनिंग, केराटिन काही?" हे सगळं तिने वहीत लिहून घेतलं. माझे केस खांद्याच्या खाली बऱ्यापैकी येतात, तर ती म्हणाली की टोकांचा केस हा तीन-साडेतीन वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेला आहे, तेव्हापासून जे जे लावलं ते सगळं त्याच्यात आहे, म्हणून मला तीन वर्षांचा हिशोब द्या. मेहंदीबद्दल ती विशेष खोदून विचारत होती. साध्या मेहंदीतला लॉसोन नावाचा रंग केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो, तो ब्लीचने सहज जात नाही आणि नारिंगी हट्टी पट्टा राहतो, आणि काही पावडरींमधे धातूंचे क्षार असतात, त्यांच्यावर ब्लीचमधलं पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होऊन वितळल्यासारखे तुटू शकतात. माझी मेहंदी कॉलेजमधली, ती कधीच कापली गेली होती, पण डाय मात्र खालपर्यंत थरावर थर.

आणि इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा समजली. मी विचारलं की काळ्यावरच ब्राऊन कलर लावला तर? ती म्हणाली, रंगाने रंग फिकट होत नाही. नैसर्गिक केस हेअर कलरने थोडे उजळतात, पण आधीच डाय केलेला केस नुसत्या कलरने उजळत नाही, त्याला ब्लीचच लागतं. म्हणजे माझ्या डोक्यावर दोन वेगळी प्रकरणं होती, मुळाशी नवीन वाढलेले स्वतःचे काळे-पांढरे केस आणि खाली डायचा काळा. दिसायला दोन्ही काळेच, पण ब्लीचला दोन्ही वेगळी वागणार.

तिने कानाच्या मागे पॅच टेस्ट केली, ४८ तास पाहायचं, खाज, लाली काही आली तर फोन करायचा. इतकी वर्षं डाय लावला तरी ॲलर्जी नव्याने सुरू होऊ शकते असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरंय, डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक येते. मला काही आलं नाही. मग पुढच्या वेळी स्ट्रँड टेस्ट. हा भाग मला फार आवडला म्हणून नीट सांगते. मानेवरून, आतल्या थरातून, तिने एक बारीक बट घेतली, पेन्सिलच्या जाडीची, त्याला ब्लीच लावलं, फॉइलमधे ठेवलं आणि दर थोड्या वेळाने उघडून बोटात धरून बघत होती, आधी गरम होतेय का, मग ओढून ताणली जातेय का. रंग डोळ्यासमोर बदलत होता. काळ्याचा लालसर तपकिरी, मग विटकरी, मग नारिंगी. पण सगळी बट एकसारखी नाही! मुळाकडचा भाग पटकन नारिंगी झाला, टोकं तांबूस, आणि मधे साधारण चार बोटांचा पट्टा, जिथे डायवर डाय सगळ्यात जास्त वेळा पडला होता, तो तसाच गडद लाल. तिने मला आरशात दाखवलं आणि म्हणाली, "ताई, हे एका सिटिंगमधे केलं तर मधला पट्टा उजळेपर्यंत टोकं जळतील. दोन भागांत करू, मधे केसांना विश्रांती देऊ." पहिल्या पार्लरमधे एका सिटिंगचं आश्वासन मिळालं होतं ते आठवून मला त्या क्षणी या मुलीबद्दल इतका विश्वास वाटला की बाकी काही विचारलंच नाही.

रंगांचा हा क्रम सगळ्यांच्या केसांत ठरलेला असतो. सलॉनवाले १ ते १० अशी पातळी मोजतात, १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी, आपल्यापैकी बहुतेक जण १ ते ३ मधे असतो. केसात दोन प्रकारचं मेलॅनिन असतं, काळं-तपकिरी आणि लाल-पिवळं. ब्लीचची पावडर आणि पेरॉक्साइड मिळून ते तोडतात, काळं आधी जातं, लाल-पिवळं चिवट, ते मागे राहतं. म्हणून ५ ला लाल-नारिंगी, ६ ला नारिंगी, ७ ला पिवळट नारिंगी, ८-९ ला पिवळं. नारिंगी आलं म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही, काळ्या केसांचा रस्ता तिथूनच जातो. फोटोतले राखाडी-सोनेरी केस म्हणजे ९ च्या पुढे जायचं, आपल्या केसांची तिथपर्यंत जाताना चांगलीच परीक्षा होते. तिने मला ६-७ ला थांबायला सांगितलं, म्हणजे टोनर (ब्लीचनंतर उरलेली नारिंगी-पिवळी झाक मारायला लावतात तो हलका रंग) लावल्यावर कॅरॅमल, मधासारखा तपकिरी. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला तो जास्त शोभतो असंही म्हणाली आणि मला ते पटलं.

पहिली सिटिंग ही खरं तर हाताने रंगवायची नव्हतीच. जुना डाय मोडायचा होता. तिने मधल्या पट्ट्यावर, निवडक बटांना, कमी ताकदीचं ब्लीच लावून फॉइलमधे ठेवलं, फॉइलमधे ऊब टिकते आणि मिश्रण सुकत नाही म्हणून गडद केस तिथे जास्त उजळतात. डेव्हलपर म्हणजे ब्लीच पावडरमधे मिसळायचं पेरॉक्साइड, आणि व्हॉल्यूम म्हणजे त्याची ताकद, १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. तिने २० घेतलं, सावकाश होऊ दे म्हणाली. मिश्रणात बाँड बिल्डर घातलं. केसाला ताकद देणारे जे गंधकाचे बंध असतात, डायसल्फाइड बंध, ते ब्लीचमधे तुटतात, ते परत जोडायला हे औषध. ओलाप्लेक्स २०१४ मधे आल्यापासून याची पद्धत पडली, आता बऱ्याच कंपन्यांचं मिळतं. धुतल्यावर मी लालसर तपकिरी झाले, त्यावर तिने गडद ब्राऊन टोनर फिरवला आणि घरी पाठवलं. घरी डाय लावायचा नाही, ही एकच अट.

ते मधले आठवडे मला जड गेले, खोटं कशाला सांगू. टोनर उतरत गेला तसा तांबूसपणा दिसायला लागला, भांगात पांढरे वर येत होते, आणि डाय लावायचा नाही. ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जाताना रोजच्या ग्रुपमधली एक काकू म्हणाली, "अगं तुझ्या केसांना काय झालंय?" सासूबाईंनी मात्र धीर दिला, म्हणाल्या एवढं मनावर घेतलंयस तर आता अर्ध्यावर सोडू नकोस. ऑफिसला जाताना मी ओढणीने किंवा रुंद हेअरबँडने भांग झाकायचे. ज्यांना हे करायचंय त्यांनी हे मधलं अंतर धरूनच ठरवा, लग्नसराईच्या तोंडावर सुरू करू नका.

आता दुसरी सिटिंग, खरं बलायाज. आदल्या दिवशी केस धुवू नका, डोक्याचं नैसर्गिक तेल त्वचेला सांभाळतं असं तिने सांगितलं होतं. गेल्या गेल्या तिने केस कोरडेच विंचरले आणि विचारलं की रोज भांग कुठे पाडता, डावीकडे का मधे, ऑफिसला केस मोकळे सोडता का बांधता. मी म्हटलं गाडीत कायम क्लचर, कार्यक्रमाला अंबाडा आणि गजरा. मग तिने खरंच माझे केस वर धरून अंबाड्यासारखे पिळून बघितले, मानेवरच्या आणि कानामागच्या कुठल्या बटा बाहेर दिसतात ते पाहिलं, आणि त्या मुद्दाम गडद ठेवल्या. म्हणाली, मोकळ्या केसांत सुंदर दिसणारं बलायाज अंबाडा घातल्यावर कधी कधी पट्टे पट्टे दिसतं, तुम्ही रोज बांधणार तर आधी बांधून बघायला हवं. हे मला कुठल्याही फोटोवरून कळलं नसतं.

तिने एसीचा झोत माझ्या खुर्चीपासून वळवला. ब्लीचचं मिश्रण सुकलं की त्याचं काम थांबतं, आणि उघड्यावर रंगवायचं तर हीच मोठी अडचण. म्हणून या कामासाठी चिकणमाती घातलेली वेगळी पावडर मिळते, पांढरी माती, काओलिन. ते मिश्रण ब्रशला धरून राहतं, गळत नाही, शेजारच्या केसांवर पसरत नाही, आणि वरून सुकून पापडी धरतं तेव्हा आत ओलंच राहतं, आपल्या शाडूच्या गणपतीची माती जशी वरून कोरडी आणि आतून गार ओली लागते तसं. तिने मला हाताच्या पाठीवर चिमूटभर लावून दाखवलं, बोटाने पापडी फोडली तर आत लोण्यासारखं मऊ. मग लगेच पुसून टाकलं.

केसांचे भाग तिरके पाडले, चेहऱ्यापासून मागे जाणारे. एक पातळ थर घ्यायचा, डाव्या हातात ताणून धरायचा, खाली पारदर्शक बोर्ड, आणि ब्रश. आता मी हे आरशातून एकटक बघत होते. ब्रश उभा धरून नुसत्या टोकाने ती वरच्या भागात दोन बारीक रेघा ओढायची, थराच्या दोन्ही कडांना वर, मधे खाली, म्हणजे इंग्रजी व्ही सारखा आकार होतो, मग ब्रश आडवा करून खाली भरत यायची. वरची सुरुवात ब्रशने अलगद झटकायची, म्हणजे कुठून सुरू झालं ते दिसू नये. टोकाशी आली की ब्रश ठेवून चक्क बोटांनी मिश्रण केसांत चोळायची, दोन्ही बाजूंनी, कारण टोकाच्या मागच्या बाजूला राहून गेलं तर काळे ठिपके दिसतात. मग त्या थरावर क्लिंग फिल्मचा तुकडा, आणि पुढचा थर. मधे मधे एखादा थर न रंगवता तसाच सोडायची. मी विचारलं हे का सोडलं, तर म्हणाली गडद शेजारी असल्याशिवाय उजळलेला दिसतच नाही, सगळंच रंगवलं तर नुसता एक रंग.

माझ्या केसांना थोडा वळसा आहे, तर जिथे वळण बाहेरच्या बाजूला येतं तिथे ती जास्त भरत होती, आत दबतं तिथे कमी. चेहऱ्याजवळच्या बटा सगळ्यात शेवटी, कारण तिथले केस बारीक आणि लवकर उजळतात. हल्ली मनी पीस म्हणून चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठळक जाड बटा करतात, तिने तसं केलं नाही, कानशिलाशी माझे पांढरे आहेतच तर त्यांच्यामधे केसाएवढ्या बारीक रेघा ओढल्या. मागचे जाड, हट्टी थर, जे उघड्यावर पुरेसे उजळले नसते, ते रंगवून झाल्यावर फॉइलमधे गुंडाळले. हात तोच, वर्ख वेगळा, याला सलॉनमधे फॉइलाज म्हणतात. काळ्या केसांना बहुतेक वेळा हे दोन्ही मिळूनच करावं लागतं, आणि ज्या सलॉनमधे तुम्हाला सांगतील की काळ्या केसांना नुसत्या उघड्या ब्रशने ७ पर्यंत नेऊ, त्यांना नक्की विचारा कसं ते. मागे तिने ३० व्हॉल्यूम घेतलं, पण डोक्याच्या त्वचेला कुठेही लागू न देता. पुढे २०.

मग वाट बघणं. ती घड्याळ लावून दुसरीकडे गेली नाही, सतत येऊन वेगवेगळ्या ठिकाणची क्लिंग फिल्म उचलून नखाने थोडं मिश्रण पुसून खालचा रंग बघत होती, जिथे झालं तिथलं ओल्या टॉवेलने पुसून घेत होती, बाकीचं तसंच. ब्लीचचा तो डोळ्यांत जाणारा वास होता, पण डोक्याला आग अजिबात झाली नाही कारण त्वचेला लागलंच नव्हतं. धुतल्यावर आरशात बघितलं तर पिवळट नारिंगी रेघा, आणि छातीत धस्स झालं, आधी माहीत असूनही.

टोनर हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. रंगांच्या चक्रात नारिंगीसमोर निळा, पिवळ्यासमोर जांभळा, लालसमोर हिरवा. तिने वाटीत दोन शेड मिसळल्या, एकात निळसर झाक, दुसऱ्यात सोनेरी, कारण नारिंगी सगळं मारलं तर केस निस्तेज मातकट दिसतात, आपल्याला ऊब थोडी ठेवायची होती. ओल्या केसांवर लावलं, रंग दर मिनिटाला बदलत होता, ती अजिबात जागची हलली नाही, आणि मनासारखा दिसल्याबरोबर धुतला. मुळांच्या जवळ एक जरा गडद शेड बोटांनी खाली चेपून घेतली, म्हणजे नवीन वाढणारा केस आणि रंगवलेला यांची हद्द आणखी पुसट. पांढऱ्या केसांवर हा टोनर पूर्ण चढत नाही, पांढरे जाड आणि चिवट असतात, नुसती हलकी मधाळ झाक येते. आणि तीच हवी होती! ड्रायर मारल्यावर मी भांगाजवळ वाकून पांढरे शोधत होते आणि मला ते पटकन वेगळे काढता येत नव्हते. आहेत तिथेच आहेत, लपलेले नाहीत, शेजारच्या कॅरॅमल रेघांमधे मिसळून गेलेत. मला खूप आनंद झाला, तिच्या डोळ्यांतही दिसत होता.

आई बघून म्हणाली, "छान दिसतायत गं, पण रंगवलेत असं वाटतच नाही." याहून मोठी पावती नाही.

नंतरची काळजी. जांभळा शाम्पू सगळ्यांना सांगतात, पण तो पिवळेपणासाठी आहे, माझ्यासारख्या कॅरॅमलवर नारिंगी डोकावतं त्याला निळा लागतो, तोही कधीतरीच, रोज नाही. एरवी सल्फेट नसलेला. टोनर चार ते आठ आठवड्यांत उतरत जातो, उजळलेला केस मात्र तसाच राहतो, म्हणून रंग गेला असं वाटलं तरी पुन्हा ब्लीच करायचं नसतं, फक्त टोनर. हे सलॉनमधे आधीच विचारून ठेवा, टोनरचे पैसे बिलात धरलेत का वेगळे, आणि बाँड बिल्डरचे, नाहीतर शेवटी आकडा बघून वाईट वाटतं. स्ट्रेटनर मी बंदच केलाय, खूप गरम प्लेटने टोनर भाजल्यासारखा बदलतो.

पाण्याचं मात्र आमच्या भागात खरंच बघावं लागतं. घोडबंदरच्या सोसायट्यांमधे टँकर सुरू असतात, टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी जड असलं की केसांवर क्षार बसतात, ब्लीच केलेला केस ते जास्त शोषतो, रंग मळका आणि हाताला राठ लागतो. मी शेवटचं पाणी फिल्टरचं घेते, मोठा तांब्याभर पुरतं, आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा चीलेटिंग शाम्पू. मुलीसोबत पोहायला जाते तेव्हा आधी केस साध्या पाण्याने चांगले भिजवते आणि कंडिशनर लावून टोपी घालते, कारण तलावाच्या पाण्यात तांबं असलं तर क्लोरीनबरोबर ते केसात बसून फिकट केसांना हिरवट झाक येते, आणि केस आधीच साध्या पाण्याने भरलेला असला की ते पाणी कमी शोषतो.

आणि खोबरेल तेल. इतकी वर्षं सलॉनवाले तेल नको म्हणतात म्हणून बाजूला ठेवलं होतं. पण २००३ मधे रेले आणि मोहिले यांचा अभ्यास आला होता, त्यात मिनरल ऑइल, सूर्यफूल आणि खोबरेल तिन्ही तपासली, आणि केसातलं प्रथिन धुताना वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, ब्लीच केलेल्या केसांतही, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं. त्यामुळे शनिवारी रात्री टोकांना खोबरेल लावून रविवारी धुणं हे मी परत सुरू केलंय, मी विचारल्यावर माझ्या स्टायलिस्टनेही हो म्हटलं, फक्त धुण्याआधी लावा, रंगवलेल्या केसांवर तेल घालून उन्हात फिरू नका.

आता बरेच महिने झाले. भांगात नवीन केस पुष्कळ आलेत, काळे आणि पांढरे दोन्ही, आणि रेघ नाहीये. टोकं थोडी कोरडी आहेत, ते खोटं नाही सांगणार, ब्लीच म्हटल्यावर तेवढं येणारच, त्यासाठी दीड-दोन इंच कापून घेणार आहे. डायची वाटी फेकून दिली. पुढच्या वेळी नवीन काही रंगवायचं नाही असं आमचं ठरलंय, नुसता टोनर आणि कात्री, आणि भांगाजवळ बारीक पाच-सहा रेघा वाढवायच्या का ते ती बघून सांगेल. डिसेंबरमधे भाच्याचं लग्न आहे, त्याच्या पुरेसं आधीच जाणार, कारण लग्नसराईत राम मारुती रोडवर पार्किंगही मिळत नाही आणि तिची वेळही.